दमयंतीकाकीची पानांची बेगमी

काकीच्या वाचनालयातलं इंटरनेट मी गेल्या दिवाळीच्या सुमारास इतकं वेगवान करून टाकलं, की त्यानंतर आठवडाभर अख्खं गाव मागच्याच आठवड्यात राहिलं आणि कुणाला पत्ता लागला नाही.

श्रेय माझं एकट्याचं. मी मेहुल, राहणार बेटेगाव. बोईसरात एका दुकानात कॉम्प्युटर दुरुस्त करतो. शाळा बोईसरची, कोर्स बोईसरचा, आणि जगायला तेवढं पुरतं असं माझं मत आहे. काकीचं मत वेगळं आहे. पण काकीचं मत बहुतेक बाबतीत वेगळंच असतं, म्हणून मी ते मनाला लावून घेत नाही.

दमयंतीकाकी माझ्या वडिलांच्या चुलतभावाची बायको. माहेर पाम गावचं. लग्न होऊन आली ती तारापूरच्या पुढं, किनाऱ्याला, माडांच्या आत दडलेल्या गावात. बळवंतकाकांची तिथं वाडी आहे. चिकू, नारळ, सोनचाफा. काका दिवसभर झाडांशी बोलतात, त्यामुळे माणसांसाठी त्यांच्याकडे शब्द उरत नाहीत. काकीकडे मात्र दोघांना पुरून गावाला वाटता येतील इतके आहेत.

सून म्हणून आली त्याच वर्षी गावच्या वाचनालयाची किल्ली तिच्याकडे आली. कुणाला नको होती म्हणून आली, आणि मग तिनं ती परत कुणाला दिलीच नाही. एक खोली, लोखंडी कपाटं, मध्ये लांब टेबल, बाहेर ओटा. पण शिस्त अशी की पुस्तक हवं असेल तर आदल्या संध्याकाळी सांगून जायचं. दुसऱ्या दिवशी ते वर्तमानपत्रात गुंडाळून, वर तुमचं नाव घालून, टेबलावर तयार. ऐनवेळी येऊन मागितलं तर काकी म्हणायची, "जेवायला येताना पण असंच न सांगता येतोस काय?" लोक मुकाट्यानं दुसऱ्या दिवशी यायचे.

पुढं मोबाईल आले आणि पुस्तकं वर्तमानपत्रात गुंडाळलेलीच राहायला लागली. काकीनं हाय खाल्ली नाही. खोलीत इंटरनेटची लाइन घेतली, ओट्यावर वायफाय आलं आणि माणसं परत आली. फक्त ती लाइन मोठी लहरी होती. दिवस वर आला, बोईसरची कारखान्यांची दुनिया जागी झाली, की एक पान उघडायला माणसाची दाढी वाढेल इतका वेळ. उघडायच्या ठिकाणी ते गोल चक्र फिरत राहायचं आणि ओट्यावरची माणसं मान तिरकी करून त्याच्याकडं बघत बसायची. पहाटे मात्र तीच लाइन बाणासारखी. हे काकीच्या लक्षात आलं, कारण ती पहाटे काकांबरोबर सोनचाफा काढायला उठते आणि एकदा फुलं काढता काढता तिनं फुलांच्या भावाचं पान उघडलं, तर ते बोट लावायच्या आत उघडलं.

तिनं मला बोलावलं. म्हणाली, "पहाटे येतं ना? मग पहाटेच आणून ठेव. पावसात बोटी बंद असतात म्हणून आपण वैशाखात सुकट-बोंबील भरून ठेवतो ना डब्यात? तसं."

संगणकवाल्यांच्या भाषेत याला कॅशिंग म्हणतात आणि मी कोर्समध्ये त्यावर एक पूर्ण धडा पाठ केला होता. काकीनं तो शब्द उंबऱ्याबाहेरच ठेवला. तिच्यासाठी ती बेगमी. मी दुकानातला एक जुना, बरा चालणारा कॉम्प्युटर कपाटाशेजारी बसवला. त्यात सोय अशी केली की पहाटे तो आपोआप जागा होईल, ठरवलेली पानं एकामागून एक आणून स्वतःच्या पोटात ठेवील आणि दिवसा ओट्यावरच्या मोबाईलला तिथूनच वाढील. बाहेरच्या लाइनला त्रास नाही. पान क्षणात हजर.

आणि काकीनं जुनी शिस्त जशीच्या तशी लावली. उद्या कोणतं पान हवं, ते आज संध्याकाळी सांगून जायचं. कुणाला गाड्यांचं वेळापत्रक, कुणाला हवामान, कुणाला पोलीस भरतीची सूचना, बळवंतकाकांना फुलांचा भाव. ती ते यंत्राला घालून द्यायची आणि वर बजावायची, "सकाळी गरम मिळेल."

तिचा एक हट्ट होता. प्रत्येक पानाच्या डोक्यावर लाल ठळक अक्षरात एक ओळ हवी: आणलं अमुक वारी, पहाटे. मी म्हटलं, काकी, वाण्याच्या दुकानातल्या पाटीसारखं दिसतं. ती म्हणाली, दिसू दे. मी ओळ घातली.

आता माझ्या पराक्रमाकडे येतो. दिवाळीच्या आधी दुकानाला सुटी होती. मी काकीकडे आलो, फराळ केला आणि उपकाराची परतफेड म्हणून यंत्र आणखी जलद करायला बसलो. झालं होतं असं की पानांबरोबर चित्रं, शिक्के, पट्ट्या असला पुष्कळ पसारा रोज नव्यानं येत होता. हा पसारा बदलत नाही, मग रोज कशाला आणायचा? एकदा आणलं की महिनाभर परत विचारू नको, असं यंत्राला सांगायचं. विचार अगदी बरोबर. फक्त ते सांगताना मी 'चित्रं' निवडायच्या ऐवजी 'सगळं' निवडलं. आणि हात लागलेलेच आहेत म्हणून ती लाल ओळही काढून टाकली. पान कसं देखणं दिसायला लागलं.

दुसऱ्या दिवसापासून पहाटे यंत्र इमानदारीनं उठत होतं, सगळं घरात आहे असं बघून परत झोपत होतं. पानं पूर्वीपेक्षा जलद उघडत होती. उघडणारच, बाहेर जाण्याचे कष्टच नव्हते. गावानं माझी तारीफ केली आणि मी ती घेतली.

आता प्रियंकाचं सांगायला हवं.

ठकी आणि जिवल्या हे डोंगराकडच्या पाड्यावरचं जोडपं. भाताची थोडी शेती, तीही पावसाच्या भरवशावर. ठकी वर्षातले काही महिने काकांच्या वाडीत कामाला असते आणि दिवाळीनंतर सगळं कुटुंब वैतरणेच्या खाडीकडं वीटभट्टीवर जातं. प्रियंका त्यांची मुलगी. आईबरोबर वाडीत यायची आणि काम आटपलं की वाचनालयाच्या टेबलाशी बसायची. काकीनं तिला बारावीपर्यंत वाचायला पुस्तकं दिली, वर शब्दांचा माराही दिला आणि नर्सिंगला घालायचं हे परस्पर ठरवून टाकलं. प्रियंकालाही ते हवं होतं. फक्त ते काकीच्या आधी तिला सांगता आलं नव्हतं.

पालघरच्या एका संस्थेत अर्ज केला. पहिल्या फेरीत थोडक्यात हुकलं. संस्थेच्या पानावर ओळ आली: प्रवेश प्रक्रिया पूर्ण झाली आहे. तरी पुढं काही निघेल म्हणून प्रियंकानं ते पान रोजच्या यादीत घालायला सांगितलं आणि रोज संध्याकाळी बघायला लागली. जिवल्याला भट्टीच्या मुकादमाचा टेम्पो खुणावत होता. काकीनं त्याला दिवाळी होईपर्यंत थोपवून धरलं.

दिवाळी झाली. एका संध्याकाळी प्रियंका सांगायला आली की मनोरची तिची एक मैत्रीण म्हणते, जागा उरल्यात, दुसरी फेरी निघालीय म्हणे. काकीनं पान उघडून तिच्यापुढं धरलं. प्रवेश प्रक्रिया पूर्ण झाली आहे. काकी म्हणाली, हे आज पहाटेचं पान. मैत्रिणीचं ऐकतेस की पानाचं?

प्रियंकानं पानाचं ऐकलं. दुसऱ्या दिवशी टेम्पो आला आणि भांडीकुंडी, कोंबड्या, जिवल्या, ठकी आणि प्रियंका असे सगळे भट्टीवर गेले.

त्यानंतर थोड्याच दिवसांनी, दुकानाच्या सुटीला, मी आणखी थोडी तारीफ मिळाली तर बघावी म्हणून सकाळीच काकीकडे आलो. ओट्यावर चहा घेत होतो. तेवढ्यात जमना आली. जमना किनाऱ्यावरची, मासळी विकते. तिला भरती-ओहोटीचं पान लागतं. तिला दर्या पाठ आहे, पान लागतं ते पानाला दर्या कळतो का हे तपासायला. टोपली खाली ठेवून ती शांतपणे म्हणाली, "काकी, तुझ्या पानात आता सुकती हाय. मी आत्ता दर्यावरनं येते, लुगडं गुडघ्यापरेंत भिजलं. दर्यानं तुझं पान वाचलेलं दिसत नाय."

काकीनं पान बघितलं, ते ओहोटी दाखवत होतं. मग माझ्याकडे बघितलं.

काकी एरवी आमच्यासारखंच बोलते, हाय-नाय करते. पण प्रकरण गंभीर झालं की ती पुस्तकी मराठीवर येते. तिच्या तोंडून 'आहे' निघालं की माणसानं चप्पल शोधावी.

"मेहुल," ती म्हणाली, "हे पान केव्हा आणलेले आहे?"

मी चहा ठेवला आणि आत जाऊन यंत्र उघडलं. सगळी पानं त्या दिवाळीच्या आधीच्या पहाटेची. जे होतं ते सगळं. मी ते सांगितलं. सांगताना 'तांत्रिकदृष्ट्या' हा शब्द वापरला, तेव्हा जमनानं टोपली उचलली आणि हसत निघून गेली.

काकी टेबलाशी बसून आठवायला लागली, की या दिवसांत कुणाला काय वाढलं. बळवंतकाका आठवडाभर खूश होते, सणाचा भाव सण सरला तरी टिकला म्हणून, आणि व्यापारी कमी सांगतो म्हणून आयुष्यात पहिल्यांदा कुणाशी तरी भांडले होते. एक जण रद्द झालेल्या गाडीसाठी बोईसर स्टेशनात शेंगदाणे खात बसला होता. एवढ्यावर मला हसू यायला लागलं होतं. मग काकी उठून उभी राहिली.

"प्रियंका," ती म्हणाली.

लाइन अजून जिवंत होती. मी सगळं पुसून संस्थेचं पान नव्यानं मागवलं. आलं. रिक्त जागांसाठी दुसरी फेरी. उमेदवारानं मूळ कागदपत्रं आणि हमीपत्र घेऊन स्वतः हजर राहावं. शेवटचा दिवस: आजचा. कचेरी सुटेपर्यंत.

जिवल्याला फोन लावला. बंद. भट्टीवर वीज नसते, फोन कुठल्यातरी टपरीवर चार्जिंगला पडलेला असतो.

काकीनं कपाटातल्या विश्वकोशाच्या मागून एक प्लास्टिकची पिशवी काढली. पाड्यावरची माणसं भट्टीवर जाताना घरचे कागद काकीच्या कपाटात ठेवून जातात. भट्टीवरच्या झोपडीत ते उंदीर खातात नाहीतर धूळ. विश्वकोशाला कुणी हात लावत नाही, त्यामुळे ती गावातली सगळ्यात सुरक्षित जागा. दाखले, गुणपत्रिका सगळं जागेवर होतं. संस्थेच्या पानावर हमीपत्राचा नमुना होता, तो मी लाइन मरायच्या आत उतरवून छापून घेतला. तेवढी अक्कल मला उरली होती.

आम्ही माझ्या स्कूटरवर निघालो. बळवंतकाकांनी एक शब्द न बोलता चिकूंची पिशवी काकीच्या हातात दिली. काकीच्या दुसऱ्या हातात वालाच्या बिरड्याचा डबा होता. आपण चूक सांगायला चाललोय की बारशाला, असं मी मनात म्हटलं. मोठ्यानं म्हणायची वेळ नव्हती.

बोईसर गेलं, काकी गप्प. पालघर आलं तरी गप्प. काकी इतका वेळ गप्प बसलेली मी आधी कधी ऐकली नव्हती. सफाळ्याच्या वाटेला लागल्यावर ती मागून म्हणाली, "माझी ओळ का काढलीस?"

मी म्हटलं, दिसायला वाईट होती.

"शिळं वाढायला माझी ना नाय," ती म्हणाली. "सुकट काय ताजी असते? पण शिळं हाय म्हणून सांगून वाढायचं. म्हणजे खाणारा वास घेऊन बघतो. ओळ असती तर पोरीनं विचारलं असतं."

 मग तिचा आवाज खाली आला. "विचारलंच होतं तिनं. मीच गप्प बसवली."

 मी हॉर्न वाजवला. रस्त्यावर कुणी नव्हतं.

खाडीकाठी भट्टी दिसली. ओल्या विटांच्या रांगा उन्हात मांडलेल्या. जिवल्या पायानं मातीचा गारा तुडवत होता, प्रियंका तो घमेल्यानं आणून टाकत होती आणि ठकी साच्यात थापून वीट सोडत होती. तिघांचं एक चक्र चाललेलं, एक थांबला तर तिघं थांबणार. आम्हाला बघून ते थांबलं.

माझ्या माहितीत काकीनं आपली चूक झाली असं आयुष्यात म्हटलेलं नाही. एकदा तिनं आमटीत दोनदा मीठ घातलं, तेव्हाही दोष मिठाला दिला होता. म्हणून मी पुढं झालो, घसा खाकरला. तिनं मला हातानं बाजूला केलं.

"चल," ती प्रियंकाला म्हणाली. "हात धू. फेरी निघालीय, आज शेवटचा दिवस हाय."

प्रियंका हलली नाही. ठकी साचा हातात धरूनच म्हणाली, "परवा तं नाय होती. आज कुठशी आली?"

"परवाही होती," काकी म्हणाली. "माझं पान शिळं होतं. हिनं सांगितलं, ते मी ऐकलं नाय."

एवढंच. माझं नाव घेतलं नाही. मी तोंड उघडलं, पण तिनं माझ्याकडे अशी नजर टाकली की ते परत मिटलं.

प्रियंका बापाकडे बघत होती. जिवल्या गाऱ्यातच उभा. तो नाही म्हणत नव्हता, पण त्याची अडचण खरी होती. सकाळी भिजवलेला गारा तयार होता. एक हात गेला तर तो थापून व्हायचा नाही, उन्हानं कडक होणार आणि दिवसाचं काम वाया जाणार. त्यानं तसं सांगितलं.

"मी हाय," काकी म्हणाली. चिकूची पिशवी ठकीच्या पायाशी ठेवली, साडी खोचली, चपला काढल्या आणि प्रियंकाच्या हातातलं घमेलं घेतलं. स्कूटरवर दोनच माणसं बसतात हा हिशोब तिनं वाटेतच केला असणार.

ठकीनं पदर तोंडाला लावला. ज्या बाईच्या वाडीत ती काम करते, ती बाई तिच्या हाताखाली गारा वाहणार होती. "भरून आण, काकी," ती म्हणाली. "अर्धं नको आणू, मंग मुकादम मला बोलतो."

जिवल्यानं इतका वेळ मला निरखून घेतलं होतं. "पान शिळं कसं झालं?" त्यानं विचारलं.  तो काकीकडं बघून म्हणाला, "तू कशाला शिळं करशील? हे या पोराचं काम हाय ना?"

मी मान डोलावली.

"तं यानं पन थापायच्या. पोरीच्या वाटणीच्या निम्म्या तुझ्या, निम्म्या याच्या."

मी म्हटलं, येतो आणि थापतो. घाईत माणूस काहीही कबूल करतो.

पालघरला पोचलो तेव्हा संस्थेच्या आवारात पोरी आणि त्यांचे बाप मोबाईल डोक्यावर धरून उभे होते. सगळ्यांना तेच हमीपत्र हवं होतं, सगळे एकाच वेळी तेच पान उघडत होते आणि सगळ्यांच्या मोबाईलवर ते गोल चक्र फिरत होतं. आत खिडकीशी बसलेला माणूस थकून एकच वाक्य म्हणत होता, की नमुना पानावर आहे, उतरवून आणा.

मी पिशवीतून आमचा कागद काढला. पहाटेचा नव्हे, पण सकाळचा, गरम. क्षणभर मला स्वतःचा अभिमान वाटला, मग कारण आठवलं आणि तो गेला. शेजारच्या एका बापानं विचारलं, हे कुठून मिळालं? प्रियंका म्हणाली, "आमच्याकडं घरी करून ठेवतात." तिनं दिवसभरात केलेला तो पहिला विनोद. मग आमच्या कागदाची झेरॉक्स समोरच्या दुकानातून आवारभर फिरली.

खिडकीतल्या माणसानं कागद तपासले, सही करायला सांगितली. प्रियंकानं सही केली. नखांतला गारा निघाला नव्हता, त्यामुळे हमीपत्राच्या कोपऱ्यात तांबडं बोट उमटलं. तो माणूस त्याकडे बघत राहिला. मला वाटलं आता नवीन आणा म्हणतो. त्यानं फुंकर मारली, शिक्का मारला आणि पुढच्या पोरीला हाक मारली.

प्रियंकाला जागा मिळाली.

बाहेर येऊन तिनं पावती दोनदा वाचली. मग मला म्हणाली, "मेहुलदादा, तू यंत्राला हात नसता लावलास तर मी घरून, आंघोळ करून आले असते." मी म्हटलं, बरोबर आहे. ती म्हणाली, "पण काकीला घमेलं उचलताना बघायला नसतं मिळालं." हे मी माझ्या जमेला धरलं.

परत भट्टीवर गेलो तेव्हा उन्हं कलली होती. काकी विटांच्या रांगेशी कमरेवर हात ठेवून उभी होती, चेहरा तांबडा, केसांत गाऱ्यातलं भाताचं तूस. गारा वाहून झाल्यावर तिनं हट्टानं साचा हातात घेतला होता. रांगेच्या टोकाच्या तिच्या विटा लांबूनच ओळखू येत होत्या.

"काकीच्या इटा काकीसारख्या," ठकी म्हणाली. "एक बी माघार घ्यायची नाय. सगळ्या पुढं सरकल्या."

काकीनं प्रियंकाकडे बघितलं. प्रियंकानं पावती दाखवली. काकीनं तांबडे हात पाठीमागे घेऊन ती वाचली, वरपासून खालपर्यंत, आणि तारीख आजचीच आहे ना हे दोनदा बघितलं. मग म्हणाली, जेवूया. जिवल्या, ठकी, प्रियंका, काकी आणि मी, विटांच्या आडोशाला बसून वालाचं बिरडं आणि त्यांच्या चुलीवरची भाकरी खाल्ली. त्या बिरड्यात मीठ बेताचं होतं. मी तसं म्हटलं नाही.

जेवण झाल्यावर जिवल्यानं साचा माझ्यापुढं ठेवला. मी बाह्या सरसावल्या. कॉम्प्युटर उघडून जोडतो, वीट काय अवघड, असं वाटलं होतं. पहिली वीट साच्यातून सुटलीच नाही. दुसरी सुटली आणि बसली. तिसरी पसरली. जिवल्या वाकून बघत होता.

"या इटा नाय," तो म्हणाला. "घावन हायत."

प्रियंका हसता हसता खाली बसली. अंधार पडायला लागला होता आणि काकीला घरी न्यायचं होतं. जिवल्या म्हणाला, राहू दे, बाकी ठेव.

आता सगळं जागच्या जागी आहे. चित्रं महिनाभर राहतात, पानं रोज पहाटे नवी येतात. लाल ओळ परत आली आहे, आणि काकीच्या सांगण्यावरून पहिल्यापेक्षा मोठी. ज्या दिवशी पहाटे लाइनच नसते त्या दिवशी पानावर 'आज आणता आलं नाही, हे कालचं' असं येतं आणि लोक त्याप्रमाणं वास घेऊन वाचतात. जमना दर्यावरून आली की ओळ बघते, पान बघते आणि पास-नापास सांगून जाते. बळवंतकाकांनी त्या व्यापाऱ्याला चिकू पाठवले.

प्रियंका पालघरच्या वसतिगृहात आहे. तिथलं इंटरनेट काकीच्या दिवसाच्या लाइनसारखंच आहे, म्हणून संध्याकाळी तिचा फोन येतो. शरीररचनेचं हे पान, औषधांच्या मापाचं ते पान. काकी ते यंत्राला घालते आणि प्रियंका सुटीला आली की मोबाईलमध्ये भरून नेते. आता एक फरक आहे. प्रियंका एखादं पान चुकीचं आहे म्हणाली की काकी पूर्वीसारखं गप्प बसवत नाही. आधी ओळ बघते. मग गप्प बसवते.

राहता राहिला जिवल्या. भट्टीचा हंगाम संपला, तो पाड्यावर परतला, भाताची लावणी झाली. मधून मधून ठकीला सोडायला वाडीत येतो. मी तिथं असलो की माझ्या तब्येतीची चौकशी करतो, बेटेगावची करतो, मग सावकाश म्हणतो, "तुझ्या इटा राह्यल्यात." मी म्हणतो, येतो. तो म्हणतो, साचा ठेवलाय.

हे काकीच्या कानावर गेलं. आता वाचनालयाचं वायफाय जोडलं की जे पहिलं पान उघडतं, त्याच्या माथ्यावर, हवामानाच्याही वर, एक ओळ असते. मी ती काढू शकतो. यंत्र मीच बसवलंय. पण यंत्राला हात लावायचा तर आता काकी शेजारी खुर्ची घेऊन बसते. आज सकाळीही ओट्यावर बसून पान उघडलं, तर लाल अक्षरात होतं: आणलं गुरुवारी, पहाटे. आणि त्याखाली: मेहुलच्या विटा अजून बाकी.